मोर्णेकाठचा वास कोण मोजणार?

चि. बाळ यास,


हजिऱ्याला तुझा जम बसला, वाचून बरं वाटलं. वसईच्या समुद्रातून येणाऱ्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड तिथे वेगळा काढतात आणि कामावर प्रत्येकाच्या खिशाला तो वायू ओळखणारं यंत्र असतं, असं तू लिहिलंस. हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग झाले की ते ओरडतं म्हणे. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तोच वायू आपल्या अकोल्यात आहे, आणि इथे कुणाच्याच खिशाला काही नाही.

उन्हाळ्यात आपली मोर्णा नदी वाहत नाही, साचते. सांडपाण्यावर जलकुंभी, खाली प्राणवायूचा पत्ता नाही. मग गाळातले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू सोडतात. अमरावतीला अंबा नाल्याजवळ तुझ्या मावशीकडेही तीच तऱ्हा. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की कूलर लावावाच लागतो, आणि कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. बंद करावा तर लेकरं उकाड्याने तडफडतात. देवघरातलं चांदीचं निरांजन आज लख्ख घासावं, तर थोड्याच दिवसांत कडेने काळवंडायला लागतं. तो काळा थर सल्फाइडचाच. शेजारीण म्हणते, "बाई, आता तं वासच येत नाई." वास जात नाही रे, नाक थकतं. डोकेदुखी, मळमळ, उडालेली झोप मात्र तशीच राहते.

2018 च्या 13 जानेवारीला सहा हजारांवर लोक सफाईसाठी मोर्णेत उतरले होते. 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण सांडपाणी येणं थांबल्याशिवाय जलकुंभी परत उगवणारच.

अकोला आणि अमरावती, आपली दोन्ही शहरं 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. तिथे भर धुळीवर. देशाच्या 2009 च्या हवा मानकांत 12 प्रदूषकं आहेत, त्यात हायड्रोजन सल्फाइड नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या निर्देशांकातही नाही. म्हणून तिथे 'समाधानकारक' लिहिलेलं असतं तेव्हाही काठावरच्या बाया नाकाला पदर लावून भाकरी थापत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मर्यादा सांगितली आहे: दिवसभराची सरासरी घनमीटरला 150 मायक्रोग्रॅम, आणि वासाचा त्रास टाळायचा तर अर्ध्या तासाला 7. मोजलंच नाही तर ती ओलांडली की नाही, हे कोण सांगणार?

काठावर हा वायू विरळ असतो, छळतो. गटाराच्या चेंबरमध्ये, संडासाच्या टाकीत तो जीव घेतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे गेला की नाकाला वास कळेनासा होतो. त्याच्या काही पट झाला की माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो आणि वाचवायला उतरलेलाही त्याच्यावर पडतो. सुरक्षासाधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी 30 लाखांची भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 ला सांगितलं. मेल्यावर 30 लाख, आणि जिवंतपणी काही हजारांचं यंत्र नाही, हा मला शुद्ध अन्याय वाटतो.

तर तुझ्याकडे मागणं आहे. दिवाळीला येशील तेव्हा दोन्ही महानगरपालिकांना द्यायचा अर्ज तू तयार कर. नदी-नाल्याकाठी हा वायू मोजा आणि आकडे फलकावर लावा, असं त्यात माग. आणि सफाईच्या प्रत्येक टोळीला ते यंत्र द्या, हे ठळक लिही. सह्या मी गोळा करते. तोवर गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे: टाकी तुंबली तर माणूस उतरवायचा नाही, 14420 ला फोन करून गाडी मागवायची.

तुझी आत्या