मोडाचा गहू

सांगोल्याच्या बाजूला आमची पिठाची गिरणी आहे. मोटार, पट्टा आणि दगड टाकवणं हे आमच्या मालकांकडं. दळण घेणं, जोखणं आणि पैशाचा हिशेब माझ्याकडं. गिरणीत बसलं की घराघरात काय चाललंय ते डब्यांवरून कळतं. कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाकडं कुरडयांचा घाट आहे, कुणाच्या म्हाताऱ्याला आता भाकरी चावत नाही, सगळं दळणात दिसतं. मोड आणून वाळवलेला गहू घेऊन कुणी आलं की मी आधी दोन दाणे दाताखाली धरते. कटकन फुटले तर जोखायला घेते, चिवट लागले तर परत पाठवते. ओलसर मोडाचा गहू दगडावर थर धरतो आणि मागून येणाऱ्याच्या दळणाची वाट लागते. बायका रागावतात. रागावू देत.

मोडाच्या गव्हाची ओळख मला सासूबाईंनी करून दिली. थोरल्याला सहा महिने झाले आणि त्याला वरचं खाणं सुरू करायचं होतं. त्यांनी लोकवन गहू निवडला, तीन-चार पाण्यांनी धुतला आणि रात्रभर भिजत घातला. डब्यातल्या गव्हाला एरंडेल चोळलेलं होतं, म्हणून पहिलं पाणी कोमट घेतलं. तेलाचा हात राहिला तर दाणा पाणी पीत नाही. सकाळी पाणी काढून गहू जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला, वर परात उपडी घातली, आणि दिवसातून दोनदा पाण्याचा हबका. मटकीला एकच मोड येतो. गव्हाचं तसं नाही, आधी टोकाला पांढरा ठिपका दिसतो आणि मग त्यातून तीन मुळ्या फुटतात. मुळी दाण्याएवढी झाली की सासूबाई म्हणायच्या, "आता थांबव. हिरवं बाहेर आलं की गोडी गेली." मग सावलीत पसरायचं, नंतर उन्हात कडक करायचं, तळहातावर चोळून मुळ्या झाडायच्या आणि सुपानं पाखडून टाकायच्या. मुळ्या राहिल्या तर पिठाला कडसर चव येते.

भाजायचं, पण अगदी हलकं. वास सुटला की उतरवायचं. चांगलं खमंग का भाजू द्यायचं नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

दाण्यातला अंकुर पाणी पिऊन जागा झाला की सालीखालच्या पातळ थराला इशारा करतो, आणि तो थर पिष्ट फोडणारं द्रव्य सोडायला लागतो. त्याला अमायलेज म्हणतात. आपल्या लाळेतही त्याच जातीचं द्रव्य असतं. दाण्यातल्या पिष्टाची थोडी थोडी साखर होऊ लागते, म्हणून दोन दिवसांचा मोडाचा गहू कच्चा चावला तरी गोड लागतो. जास्त भाजलं की हे द्रव्य मरतं. पीठ खमंग होतं, पण त्याचं मुख्य काम गेलेलं असतं.

ते काम काय, ते एकदा करून पाहण्यासारखं आहे. रव्याची किंवा पिठाची खीर चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवा. चुलीवरून उतरवून जरा निवू द्या, उकळती नको, आणि तिच्यात मोडाच्या गव्हाचं चमचाभर पीठ टाकून ढवळा. बघता बघता खीर सैल पडते. पाण्याचा थेंब वाढवलेला नसतो. मग पुन्हा एक उकळी आणून बाळाला द्यायची. बाळाचं पोट ते केवढं. घट्ट खीर त्याला गिळता येत नाही, आणि पाणी घालून पातळ केली तर चार वाट्या पाजूनही अंगी काही लागत नाही. मोडाच्या पिठानं धान्य तेवढंच राहून खीर गिळण्याजोगी होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच गोष्टीवर काम केलं. सासूबाईंना बडोदं माहीत नव्हतं. त्यांच्या आईनं नाचणीचं सत्त्व असंच मोड आणून केलेलं त्यांनी पाहिलं होतं, तेवढ्यावर त्यांचं चाललं.

मोडाचं पीठ पौष्टिक म्हणून त्याच्याच चपात्या करायला कुणी निघालं, तर मी त्यांना थांबवते. चपातीला ते चालत नाही. हे आम्हा गिरणीवाल्यांना अवकाळी पाऊस शिकवतो. काढणीला आलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या पावसात सापडला की ओंबीतच, उभ्या उभ्या मोड येतात. तो वाळवून, मळून दळायला आला की वरून बरा दिसतो. दोन दिवसांनी बाई तणतणत येते, "तुमच्या दगडानं पीठ जाळलं, कणीक हाताला चिकटतीया." मी तिच्याच डब्यातला गहू तळहातावर घेऊन दाखवते: दाण्याचं तोंड फुटलेलं असतं, साल सुरकुतलेली. कणीक मळताना ती सैल पडत जाते, चपाती पोळपाटाला चिकटते, नीट फुगत नाही आणि गोडसर लागते. असा गहू चांगल्या गव्हात थोडा थोडा मिसळून संपवायचा. खीर, लाडू, थालीपीठ यांना मोडाचं पीठ झकास. आणि ज्याला गव्हातल्या ग्लुटेनचं वावडं डॉक्टरांनी सांगितलंय त्याला मोड आणूनही गहू चालत नाही. मोडानं ग्लुटेन जात नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण उलटं सांगणारे फार झालेत.

गहू भिजवून माणसाला आणि जनावराला दोघांनाही घालायचं आपल्याकडं नवं नाही. चैत्रात कुरडयांचा गहू तीन दिवस पाणी बदलत भिजतो, वाटून चीक काढला की उरलेल्या चोथ्याच्या थोड्या भुसवड्या होतात आणि बाकीचा थेट गोठ्यात जातो. घटस्थापनेला देवापुढं काळ्या मातीत गहू-ज्वारी पेरतो, त्याला देवघराच्या अंधारात पिवळे कोंब येतात, आणि दसऱ्याला ते पुरुषांच्या टोपीत जातात. त्या घटावरून कुठलं बियाणं चांगलं उगवतंय तेही म्हातारी माणसं बघून ठेवायची. पण पाट्यांमध्ये, मातीशिवाय, चारा म्हणून गहू उगवायचा हे आमच्याकडं दुष्काळानं आणलं.

२०१८ ला पाऊस झालाच नाही म्हणायचा. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आम्ही होतो. उन्हाळ्यात चारा छावण्या उघडल्या. आमच्याकडं एक जर्सी गाय, तिची कालवड, चार उस्मानाबादी शेळ्या आणि कोंबड्या. एवढ्यासाठी छावणीत मुक्काम करायचा तर गिरणी कुणी बघायची? त्याच वेळी गावात एकेकाच्या मोबाईलवर तेच फिरत होतं: एका किलो धान्यात आठ दिवसांत दहा किलो हिरवा चारा. मालक म्हणाले, "करून बघू. गहू तर गिरणीत पडलेलाच असतो." सांडलेला, चाळणीखालचा बारीक गहू आमच्याकडं साठतोच.

गोठ्याच्या उत्तर बाजूला बांबूची मांडणी उभी केली, वर शेडनेट, बाजूनं ओली बारदानं. प्लास्टिकच्या पाट्यांना तळाशी भोकं पाडली. गहू रात्रभर भिजवायचा, एक दिवस बारदानात बांधून मोड आणायचे आणि मग पाटीत अर्ध्या बोटाचा थर पसरायचा. दिवसभर थोडं थोडं पाणी शिंपडायचं. खाली गळणारं पाणी शेवग्याच्या आळ्यात सोडलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या दारात हिरवं म्हणाल तर तो शेवगाच. आठव्या दिवशी वीतभर पात उभी राहते, खाली पांढऱ्या मुळ्यांची गच्च वीण होते आणि सगळी पाटी सतरंजीसारखी गुंडाळून उचलता येते.

दिसायला इतकं देखणं की बघायला माणसं यायची. पण घरात वजनकाटा असला की माणूस गप्प बसत नाही. मी एक किलो गहू वेगळा मोजून एकाच पाटीत लावला. आठव्या दिवशी पाणी निथळल्यावर जोखला. सहा किलोच्या वर भरला. दहा नाही, पण सहाही काय थोडं झालं? मालक खूश. मी ती पाटी तशीच पत्र्यावर टाकली आणि मे महिन्याच्या उन्हात कुडकुडीत वाळेपर्यंत ठेवली. पुन्हा जोखली तर आठशे ग्रॅमलाही जरा कमी.

म्हणजे वाढलं होतं ते पाणी. उलट दोनशे ग्रॅम गहू हवेत गेला होता. यात कुणाची फसवणूक नाही, झाड असंच वागतं. पात हिरवी होऊन स्वतःचं अन्न करायला लागेपर्यंत अंकुर दाण्यातली शिदोरीच खातो, आणि आपण त्याला नेमकं तेव्हाच उचलतो. पिष्ट खर्च झाल्यामुळं प्रथिनांचं शेकडा प्रमाण वाढलेलं दिसतं, त्याचीही जाहिरात होते. पण एका किलोत जेवढी प्रथिनं होती, पाटीतही साधारण तेवढीच असतात. मालकांना हा हिशेब पटायला वेळ लागला. ते म्हणाले, "मग गाय आवडीनं खाती ते?" खात होतीच. महिनोन्‌महिने कोरड्या कडब्यावर असलेल्या जनावरापुढं कोवळं हिरवं आलं तर ते खाणारच.

आणि फायदाही झाला, तो मी नाकारत नाही. कोरड्या चाऱ्यात जे अजिबात नसतं ते हिरव्या पातीत असतं, विशेषतः ज्याच्यापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं ते कॅरोटीन. गाईचं शेण सुधारलं, कडब्याची कुट्टी त्यात कालवली की ती गव्हाणीत उष्टी राहायची नाही. दूध किंचित वाढलं. पण या चाऱ्याच्या भरवशावर मालकांनी पेंड कमी केली तसं दूध उतरलं, पेंड पहिल्यासारखी केल्यावर जागेवर आलं. जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रानं अशा चाऱ्यावर बरंच काम केलंय, आणि तिथं धान्य निवडलं ते मका. कारण उघड आहे, मका स्वस्त. शिवाय गव्हाला थंडी मानवते. एप्रिल उलटला की पाट्यांना आंबूस वास यायला लागला. शेजारच्या वाडीत एकाच्या पाट्या बुरशीनं काळ्या पडल्या. त्यानं त्या जनावरापुढं न टाकता उकिरड्यात पुरल्या, ते शहाणपणाचं केलं. बुरशीचं विष धुऊन जात नाही. मेमध्ये आम्हीही गहू सोडून मका लावला.

शेळ्यांचं वेगळंच. त्या वरची पात कुरतडायच्या आणि मुळ्यांच्या गठ्ठ्याला तोंड लावायच्या नाहीत. तो गठ्ठा कोंबड्यांना टाकला की त्या उकरून उकरून न उगवलेला एकेक दाणा शोधायच्या. कोंबड्यांना मी आजही देते. त्यांच्यासाठी आठ दिवस थांबत नाही, चौथ्या दिवशीचा बोटभर कोंब पुरे. अंड्याचा बलक चांगला पिवळाधमक होतो. शहरात लोक गव्हांकुराचा रस वाटीवाटीनं पितात, कुणी त्यानं कर्करोग बरा होतो म्हणून सांगतं. तसा पुरावा कुठं नाही. त्या रसाचा अमेरिकेतला बोलबाला ॲन विगमोर यांनी केला. पण त्याच्याही आधी, १९३० च्या सुमारास, चार्ल्स श्नाबेल नावाच्या गृहस्थानं धान्याची कोवळी पात खाऊ घातली होती ती आजारी कोंबड्यांना. कोंबड्या सुधारल्या आणि अंडीही जास्त द्यायला लागल्या. मला त्या गोष्टीतलं कोंबड्यांपर्यंतचं पटतं.

करणाऱ्यांना दोन गोष्टी बजावून सांगते. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी गहू खाण्यासाठी किंवा चाऱ्यासाठी कधीही भिजवू नका. तो रंग बुरशीनाशकाचा असतो, पेरणीसाठी लावलेला; उरलेली पिशवी वाया जाऊ नये म्हणून पाटीत टाकायचा मोह होतो, तो टाळा. आणि पाटीतलं एकदम पोटभर घालू नका. गठ्ठ्यात न उगवलेला गहू बराच असतो, आणि नुसता गहू जास्त खाल्ला की जनावराचं पोट बिघडतं, कधी दगावतंही. मूठभरापासून सुरू करा, कुट्टीत कालवूनच द्या.

आता गावात यंत्र घेऊन विकणारे येतात. आपोआप पाणी मारणारं, थंड राहणारं, रोज अमुक किलो चारा देणारं. घ्यावं का, म्हणून गिरणीत विचारतात. सरकारचा हमीभावच २०२५ च्या हंगामाला क्विंटलमागं २४२५ रुपये होता, दळायला येणारा लोकवन त्याहून महाग पडतो. एवढ्या किमतीचा दाणा आठ दिवस पाणी पाजून हलका करायचा आणि वर यंत्राचे हप्ते भरायचे, हे दोन-चार जनावरांच्या घराला परवडत नाही. गाईचं पोट भरायचं असेल तर त्याच धान्याचा भरडा द्या, आणि विहिरीला थोडं जरी पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघास लावा. मोडाचा गहू बाळाच्या खिरीला, म्हाताऱ्यांच्या पेजेला आणि कोंबड्यांना ठेवा; तेवढ्याला एक फडकं आणि दोन पाट्या पुरतात.