पांढरी पाचची गुणगुण

रविवार, रात्र. महामार्गावरचे ट्रक सोडले तर किकवीत सामसूम. मी चासी उलटी टाकून बसलोय.

घरी जुळवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आठवडाभर घुमत होता. पेटीवर सूर ताडून पाहिला, तर पांढरी पाचच्या किंचित वर. म्हणजे १०० हर्ट्‌झ. विजेची ५० ची लहर रेक्टिफायरमधून दुप्पट होऊन येते, म्हणून सगळा राग फिल्टरच्या कपॅसिटरवर काढला. नवा टाकला. फरक शून्य, पैसे गेले.

आज डोकं चाललं. पुढचा ईसीसी ८३ व्हॉल्व्ह उपटला, घुमणं गप्प! म्हणजे गडबड त्याच्या आधीची. टॉर्च मारली तर काय, इनपुटची अर्थची तार आणि पहिल्या कपॅसिटरची निगेटिव्ह एकाच टॅगवर डकवलेली. डाग माझाच, चांगला जाडजूड. कपॅसिटर भरताना प्रवाहाचे जे हिसके बसतात, ते त्या टॅगमधून थेट गाण्यात शिरत होते.

कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामे केले (२८० व्होल्ट चेष्टा करत नाहीत). मग निगेटिव्ह थेट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेला, आणि चासीला जोड फक्त इनपुटपाशी. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला एकानं दिला होता. आवाज जाईल, कदाचित मीही.

मन्सूरांची तबकडी लावली. सुरुवातीला नुसता तंबोरा. आई आतून म्हणाली, "बंद केलंस का रे?"