निघताना कोण विचारतं?

स्थळाच्या कागदावर वरच्या भागात शिक्षण, नोकरी, पगार, फ्लॅट आणि पत्रिका असते. अगदी तळाशी ‘छंद’ नावाचा एक रकाना असतो. आमच्या वेळी तिथे ‘वाचन, संगीत’ लिहून लोक मोकळे व्हायचे. आता मुलगे ‘ट्रेकिंग, बायकिंग, प्रवास’ लिहितात. घरातली मोठी माणसं कागद वरून खाली वाचतात आणि पगाराच्या ओळीपाशी समाधानाने थांबतात. मुली पुष्कळदा तोच कागद खालून वर वाचतात. एकाच कागदाचं हे दोन बाजूंनी वाचन आपल्या कितीतरी घरांतून आज चाललेलं आहे आणि त्यातून जेवणाच्या टेबलावर अबोले धरले जात आहेत.

माझी भाची अठ्ठावीस वर्षांची आहे. तिच्यासमोर दोन मुलगे आहेत. एक सांगून आलेला, बँकेत अधिकारी. दुसरा तिचा तिने शोधलेला. चांगली नोकरी सोडून तो हिमालयात गिर्यारोहणाच्या मोहिमा नेतो आणि हंगाम संपला की पुण्यात येऊन मिळेल ते काम करतो. ती मला म्हणाली, “मावशी, पहिल्याला नाव ठेवायला जागा नाही गं. बोलायला नीट आहे, घरचे चांगले आहेत, ठरल्या वेळेला येतो. पण त्याच्याशी बोलताना माझं लक्ष घड्याळाकडे जातं. दुसरा येईल की नाही इथपासून शंका असते, पण आला की किती वाजले तेसुद्धा कळत नाही.” तिची आई, म्हणजे माझी बहीण, शेजारीच भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “डोंगरावरून घर चालत नाही.”

दोघींचंही बोलणं मला खरं वाटलं. अशा वेळी मी ज्यांच्याकडे जाते, त्या बायका कधीच्या हयात नाहीत. पण त्यांनी आपले संसार लिहून ठेवले आहेत आणि मराठीत या बाबतीत आपलं भाग्य थोर आहे.

रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक. दोघींची लग्नं अकरा-बारा वर्षांच्या वयात झाली. दोघींना कोणी काही विचारलं नाही. एकीच्या वाट्याला त्या काळातला सर्वांत भरवशाचा माणूस आला, दुसरीच्या वाट्याला कशाचाच भरवसा नसलेला. भाचीसमोरचे दोन मुलगे सव्वाशे-दीडशे वर्षं मागे नेऊन ठेवावेत, तसे हे दोन संसार आहेत.

न्यायमूर्ती रानड्यांचं स्थैर्य केवढं! सरकारी न्यायखातं, एकेक पायरी चढत 1893 साली मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिपद, आखलेला दिवस, मोजकं बोलणं. लग्न होऊन घरात आलेल्या निरक्षर मुलीला त्यांनी स्वतः बसून शिकवलं. घरातल्या बायकांना ते मुळीच आवडलं नाही आणि त्यांचे टोमणे, त्यांचा अबोला रमाबाईंनी वर्षानुवर्षं सोसला. नवऱ्याचा मार्ग धीराचा होता. कोणाला तोडायचं नाही, सावकाश पुढे जायचं. 1901 साली ते गेले. त्यानंतर रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं, 1910 साली आठवणींचं पुस्तक काढलं, पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या उभ्या राहिल्या. स्थिर माणसाच्या सावलीत बाई खुरटते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी रमाबाईंकडे पाहावं.

पण हे लग्न झालं कसं, तेही विसरता येत नाही. 1873 साली पहिली पत्नी वारली तेव्हा रानडे एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. आता हे विधवेशी लग्न करून दाखवतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. त्यांना वडिलांच्या शब्दाबाहेर जाता आलं नाही आणि थोड्याच दिवसांत अकरा वर्षांची मुलगी सून म्हणून घरात आली. स्थिर माणसाची हीच दुसरी बाजू. तो काही मोडत नाही. जे मोडायलाच हवं असतं, तेही त्याच्या हातून मोडत नाही. भाचीने बँकेतल्या मुलाबरोबर चार संध्याकाळी घालवल्या आहेत. “आईला विचारून सांगतो” हे वाक्य त्याने किती वेळा आणि कशाकशासाठी म्हटलं, एवढं तिने आठवून पाहावं असं मला वाटतं. सुट्टी कधी घ्यायची ते आईला विचारणं वेगळं. बायकोने परगावी नोकरी घ्यावी की नाही तेही विचारणं वेगळं.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मी कितीदा शिरले असेन. त्यांच्या नवऱ्यासारखा, रेव्हरंड टिळकांसारखा माणूस पुस्तकात भेटला की प्रेम वाटतं. तो घरात भेटला तर काय होतं, ते लक्ष्मीबाईंनी लिहिलं आहे. आज या गावी, उद्या त्या गावी. नोकरी धरली कधी आणि सोडली कधी, बायकोला शेवटी कळणार. हातात आलेला पैसा गरजवंताच्या हातात जाणार. कविता लिहायला बसले की जगाची शुद्ध नाही. आणि मग 1895 सालचा तो मोठा घाव. टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर त्या आपल्या पायांनी नगरला त्यांच्याकडे गेल्या, मनातल्या सोवळ्याओवळ्याशी एकेक दिवस झगडल्या आणि 1900 साली स्वतः पटल्यावर ख्रिस्ती झाल्या. हे सगळं त्यांनी इतक्या हसतमुखाने लिहिलं आहे की वाचणाऱ्याला वाटावं, काय मौजेचा संसार! मला मात्र त्या हसण्याच्या पाठीमागे फाटक बंद करून एकटी उभी राहिलेली तरुण बाई दिसत राहते. टिळकांनी पन्नाशी ओलांडल्यावर, 1917 साली, मिशनची पगारी नोकरीही सोडून दिली. माणूस बदलला नव्हता. 1919 साली ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य थोडंसंच लिहून झालं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, साठाहून अधिक अध्याय लिहून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने!

लक्ष्मीबाई थोर झाल्या, म्हणून वादळी नवरा चांगला, असं कोणी म्हणू नये. त्यांनी स्वतःही तसं कुठे सुचवलेलं नाही. घाव सोसून माणूस मोठा होतो, तेव्हा श्रेय सोसणाऱ्याचं असतं. घाव घालणाऱ्याचं नसतं.

भाचीला मी हे सगळं सांगत होते तेव्हा बहिणीने विचारलं, “म्हणजे नोकरीवाला बरा, असंच ना?” तिथे मला गोपाळराव जोशी आठवले. आनंदीबाईंचे यजमान. पोस्टात कारकून. पोस्टापेक्षा भरवशाची नोकरी त्या काळात सांगून सापडली नसती. बदल्या होत, कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, पण पगार ठरलेल्या तारखेला. आणि डोकं? डोक्यात अखंड वावटळ. बायकोला शिकवायचं म्हणजे शिकवायचंच. त्यासाठी लहान वयात तिला केलेली मारहाण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्र लिहून बोलून दाखवली. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय बोटीत बसली, 1886 साली डॉक्टर झाली आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारली. गोपाळरावांशिवाय ती कल्याणच्या बाहेर पडली नसती. गोपाळरावांमुळेच तिचं बालपण करपलं. दोन्ही गोष्टी खऱ्या.

रानडे आणि गोपाळराव ही दोन टोकं एकदा एका ठिकाणी आली होती. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळरावांनी शहरातली मोठमोठी मंडळी जमवली. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळरावांनी मागाहून सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. केवढा गदारोळ! ग्रामण्य, म्हणजे जातीतला बहिष्कार झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि 1892 साली रानड्यांनी मित्रांच्या अडचणीचा विचार करून प्रायश्चित्त घेतलं. सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. मला या प्रसंगात दोन्ही स्वभाव उघडे पडलेले दिसतात. एकाला आग लावून बघायची हौस, मग त्यात कोणाचं घर जळेल याची फिकीर नाही. दुसऱ्याला कोणाचंच घर जळायला नको, मग त्यासाठी स्वतःचं म्हणणं खाली ठेवावं लागलं तरी चालेल. पोस्टातला पगारी कारकून वादळ निघाला. तेव्हा नोकरी पाहून माणूस ओळखता येत नाही, हे बहिणीला मी निक्षून सांगितलं.

या तिघींनी निवडलं नव्हतं. निवडलेली एक बाई आहे, साधनाताई आमटे. मुरलीधर आमट्यांची, म्हणजे बाबांची, वरोऱ्यात वकिली होती, घरची जमीनदारी होती, सगळं सोडून देऊन बसलेला माणूस. 1946 साली साधनाताईंनी त्यांच्याशी लग्न केलं. पुढे दोन लहान मुलं घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर जाऊन राहिल्या. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालं असं सांगतात. ‘समिधा’ हे त्यांचं आत्मकथन वाचताना कष्टांनी जीव दडपतो. साप, विंचू, पाण्याची वानवा. पण एक फरक मला सारखा जाणवतो. बाबांच्या वाटेत साधनाताईंची जागा पहिल्या दिवसापासून होती. ते पुढे निघून गेले आणि बातमी मागाहून आली, असं झालं नाही.

माझ्या मते सगळं इथे येऊन ठेपतं. माणूस थांबणारा आहे की निघणारा, हे पाहू नये असं नाही, पण ते पुरत नाही. निघणारा असेल तर तो निघताना विचारतो का, ते पाहावं. थांबणारा असेल तर तुम्ही निघालात तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते पाहावं.

माझ्या ओळखीत एक जोडपं आहे. नवरा गिर्यारोहक, बायको एका कंपनीत हिशेब खात्यात. पावसाळा संपला की त्यांच्या गॅलरीत रंगीत दोर वाळत पडलेले असतात, बोटाएवढे जाड, आणि संध्याकाळी दोघं ते हातात धरून वीत-वीत तपासतात. कुठे धागा सुटलाय का, कुठे मऊ पडलाय का. फ्रिजच्या दारावर एक कागद असतो. कोणत्या तारखेला तो कोणत्या कॅम्पवर, खाली संपर्काचे तीन नंबर, विम्याची तारीख, आणि घराच्या हप्त्यातला त्याचा वाटा कधी जमा होणार ते. कागद तो स्वतः लिहितो, निघण्याच्या आधी आठवडाभर. ती म्हणाली, “तो परत येईपर्यंत मला झोप नीट लागत नाही, ते खोटं कशाला सांगू? पण तो गेला म्हणजे मला टाकून गेला असं एकदाही वाटलं नाही.” भटक्या माणसाचं स्वातंत्र्य कोणाच्या तरी थांबण्यावर उभं असतं. ते थांबणं ज्याला दिसतं आणि ज्याला त्याची किंमत कळते, त्याच्याबरोबर संसार होतो. ज्याला दिसत नाही, त्याच्याबरोबर वाट पाहणं होतं. असेही संसार मी पाहिले आहेत, अगदी जवळून, आणि त्या बायकांच्या डोळ्यांतला थकवा मला कोणाच्याच वाट्याला यायला नको आहे.

आणखी एक गोष्ट मनात खुपते. हा प्रश्न मांडताना आपण सहज धरून चालतो की फिरणार तो मुलगा आणि निवडणार ती मुलगी. आज मुलीही सुळके चढतात, एकट्या लडाखला गाडी घेऊन जातात, परदेशी शिकायला जाऊन तिथेच राहतात. त्यांच्याबद्दल मुलाच्या घरी पहिला प्रश्न येतो, “घरात थांबेल का ही?” मुलगा फिरतीवर असला तर तो धाडसी आणि मुलगी फिरतीवर असली तर अस्थिर, हा न्याय मला मान्य नाही. भाचीच्या बाबतीत तर मला मुळात असं वाटतं की डोंगर तिला स्वतःलाच चढायचे आहेत. दुसऱ्या मुलामध्ये तिला जे आवडतं, त्यातलं निम्मं तिचं स्वतःचं राहून गेलेलं आयुष्य आहे. मी तिला तसं म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डिसेंबरात बेसिक कोर्सला नाव घालू का?” मी म्हटलं, “घाल.” ते करायला कोणाशी लग्न करावं लागत नाही.

मला विचाराल तर माझा कल स्थिर माणसाकडे आहे. स्थिर म्हणजे ज्याचा राग, ज्याचा शब्द आणि ज्याची माया आज जिथे आहे तिथेच उद्याही सापडते असा. असा माणूस बँकेत असतो आणि कड्यावर दोर लावतानाही असतो. त्याला ओळखायला दोन भेटी पुरत नाहीत. त्याला आजारपणात पाहावं लागतं, प्रवासात गाडी चुकल्यावर पाहावं लागतं, त्याच्या मनाविरुद्ध काही झाल्यावर पाहावं लागतं. आणि इथेच आपण मोठी माणसं घात करतो. स्थळ हातचं जाईल, लोक थांबणार नाहीत, वय वाढतंय, असं म्हणून पंधरा दिवसांत होकार-नकार मागतो.

रमाबाईंना आणि लक्ष्मीबाईंना कोणी विचारलं नव्हतं. आज आपण मुलींना विचारतो, ही चांगली गोष्ट आहे. मग उत्तर द्यायला वेळही द्या. सहा महिने मागितले तर सहा महिने द्या, वर्ष मागितलं तर वर्ष द्या. आणि तेवढा वेळ थांबायला जो मुलगा तयार नाही, तो बँकेतला असो की डोंगरातला, त्याला तिच्या वतीने तुम्हीच नकार कळवा.