आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नव्हे



कृषी खात्यात नोकरीला लागून मला तीस वर्षे होत आली. या काळात बियाणे, खते आणि औषधे यांवर मी पुष्कळ बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे, गाडीच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर. शेतीखात्याच्या माणसाला या पत्र्याच्या डब्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आता पुष्कळ घरांपुढे बैलजोडीच्या जागी गाडी उभी असते. दूध तिच्यातून डेअरीला जाते, टोमॅटोचे क्रेट तिच्यातून बाजारात जातात आणि रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची ती तिच्यातूनच. बैलाच्या पोटात काय जाते हे आपले वाडवडील डोळ्यांत तेल घालून पाहत. गाडीच्या पोटातल्या तेलाकडे मात्र आपण तितके पाहत नाही.

राहुरीला बी.एस्सी. करताना आम्हाला शेती यंत्रांचाही विषय होता. तेव्हा शिकलेली एक गोष्ट आजही आठवते. इंजिन चालू असताना क्रँक आणि त्याचे बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो आणि सगळा भार त्या थरावर तोललेला असतो. त्या ऑइलात धुळीचा किंवा लोखंडाचा कण आला की बेअरिंगवर चरे पडतात. हे कण अडवण्यासाठी फिल्टर. त्याच्या डब्यात घड्या घातलेला खास कागद असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, तर हा कागद 20 ते 30 मायक्रॉनचे कणसुद्धा बरेचसे अडवतो. डिझेलची काजळी त्याहून कितीतरी बारीक, ती कागदातून पार जाते. म्हणून नुसता फिल्टर बदलून भागत नाही. ऑइल आणि फिल्टर दोन्ही एकाच वेळी बदलावे लागतात.

पण फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. पुष्कळ फिल्टरांत आत दोन झडपा असतात. थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट झाले किंवा कागद घाणीने भरला, तर पहिली झडप उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनाला देते. ऑइल अजिबात न मिळण्यापेक्षा न गाळलेले बरे, हा त्यातला हिशेब. ती किती दाबाला उघडावी हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेले असते. काही इंजिनांत ही झडप इंजिनातच असते, मग फिल्टरात ती नसते. दुसरी झडप रबराची. इंजिन बंद झाल्यावर ती फिल्टरातले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही झडप हवीच. ती नसली, तर दररोज सकाळी इंजिन चालू होताच काही क्षण बेअरिंग कोरडे फिरते. बाहेरून दोन डबे सारखे दिसतात, आतल्या झडपा डोळ्यांना दिसत नाहीत. फसगत होते ती इथेच.

मी जुन्नर तालुक्यात असताना एका ओळखीच्या घरी असेच घडले. घरात जुनी घेतलेली डिझेलची गाडी होती. टोमॅटोचा हंगाम ऐन भरात आलेला. थोरल्या मुलाने गाडीचे ऑइल बदलून घेतले. दुकानदाराने एक फिल्टर दिला, हाताने फिरवला तर तो बसला. नेहमीच्या फिल्टरपेक्षा शंभर-सव्वाशे रुपयांनी स्वस्तही पडला. चार-सहा दिवस गाडी ठीक चालली. मग एका पहाटे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघाले असताना ऑइलचा लाल दिवा लागला. बाजार जवळच आला होता. माल उतरवून मग बघू, असे म्हणून मुलाने गाडी तशीच हाकली. थोड्याच अंतरावर इंजिन जाम झाले. मागे रस्त्यावर ऑइलचा पट्टा पडला होता.

दोन दिवसांनी मी त्या बाजूला गेलो, तेव्हा गाडी मिस्त्रीकडे उघडून ठेवलेली होती. घरचे तात्या शेजारी बसले होते. मला म्हणाले, "सायेब, फिल्टर तो फिल्टर. आटे बसले होते की. मग सुटला कसा?"

मिस्त्री जाणता होता. त्याने व्हर्नियर घेऊन आम्हाला मोजून दाखवले. इंजिनावरचा आट्यांचा नळा पाऊण इंची, म्हणजे 19 मिलिमीटरच्या किंचित वर, इंचाला 16 आटे. दुकानातून आणलेला फिल्टर 20 मिलिमीटरचा, त्याचे आटे दीड मिलिमीटरला एक. फरक मिलिमीटरभरही नाही. म्हणून फिल्टर फिरला आणि बसल्यासारखा वाटला. पण आटे एकमेकांत पुरते गुंतलेच नव्हते. कडेच्या रबरी पॅकिंगच्या दाबावर काही दिवस निभावले. पहाटेच्या गारव्यात ऑइल घट्ट, दाब जास्त, आणि आट्यांनी जागा सोडली.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "दात कोरून पोट भरायला गेलो." क्रँक घासून नवे बेअरिंग घालावे लागले. हंगामाचे दिवस गेले, भाड्याच्या गाडीने माल न्यावा लागला आणि सुनेच्या तपासणीची तारीखही चुकली. दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते, "बसला होता ना? मग आमची काय चूक?"

तेव्हा बसतो म्हणजे चालतो असे नाही. मग योग्य फिल्टर ओळखायचा कसा?

गाडीबरोबर मिळालेले पुस्तक पहिल्यांदा काढावे. त्यात फिल्टरचा पार्ट नंबर असला तर तो उतरवून घ्यावा. पुस्तक नसेल तर गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिन नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावे. नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेल अशी वेगळी इंजिने येतात, साल बदलले की इंजिनही बदलते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहाची गाडी आली, तेव्हा तर बऱ्याच इंजिनांत फेरफार झाले. जुना नंबर बंद होऊन नवा आलेला असू शकतो, तेही विक्रेत्याला विचारावे.

दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा फिल्टर घ्यायला हरकत नाही. मात्र त्या कंपनीच्या यादीत आपली गाडी, साल आणि इंजिन लिहिलेले असले पाहिजे. "चालतो हो, सगळे नेतात," हे दुकानदाराचे बोलणे म्हणजे यादी नव्हे. जुना फिल्टर बरोबर न्यावा, पण तोच योग्य होता असे धरून चालू नये. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवले होते कोण जाणे. आटे, पॅकिंगचा घेर आणि डब्याची उंची ताडून पाहावी. मोठा डबा म्हणजे चांगला फिल्टर, असा समज धरू नये. खोक्यावरची छपाई पुसट, नंबर खाडाखोड केलेला, किंमत नको तितकी कमी असेल तर माल परत करावा. पक्के बिल मात्र प्रत्येक वेळी घ्यावे.

बसवताना जुने पॅकिंग इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर एक दोन पॅकिंग आली की ऑइल फुटून बाहेर येते. नव्या पॅकिंगला ऑइलचे बोट फिरवावे. फिल्टर हाताने आवळावा. पॅकिंग टेकल्यावर किती फेरा द्यायचा हे बहुधा डब्यावर छापलेले असते, पुष्कळदा तो पाऊण फेरा असतो. पान्याने पिळू नये. काही इंजिनांत डबा न बदलता आतले एलिमेंट बदलतात. त्यांत एलिमेंटबरोबर येणाऱ्या सगळ्या रबरी रिंगा नव्या घालाव्यात. मग इंजिन चालू करावे. काही क्षणांत लाल दिवा विझला पाहिजे. फिल्टरभोवती ओल दिसते का पाहावे, इंजिन बंद करून थोडे थांबावे आणि पट्टीवर ऑइलची पातळी बघावी. पुढे केव्हाही चालत्या गाडीत तो दिवा लागला, तर बाजार हाकेच्या अंतरावर असला तरी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. काढलेले जुने ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

त्या घरात आता दारामागे एक वही टांगलेली असते. शाळेत जाणारी नात तिच्यात तारीख, किलोमीटर, ऑइलचा प्रकार आणि फिल्टरचा नंबर लिहिते. दुकानात जाताना तात्या तो नंबर कागदावर लिहून नेतात. असे काम घरातल्या मुलीला किंवा सुनेला जरूर द्यावे.

बंधू-भगिनींनो, बियाण्याची पिशवी घेताना वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि मुदत वाचायला आपण शिकलो. पेरलेले उगवले नाही तर हंगाम जातो, हे आपल्याला ठाऊक असते. फिल्टरच्या खोक्यावरचा नंबरही तसाच वाचावा आणि दुकानात विचारायला संकोच करू नये. पैसे आपले, गाडी आपली आणि तिच्यात बसणारी माणसेही आपलीच.