दिव्यांच्या ओळी

वर्षावासाच्या दिवसांत इगतपुरीचे आकाश इतके खाली उतरते की सकाळी ११ वाजताही फळ्यावरचे अक्षर धूसर दिसते. मार्गशीर्षात मात्र त्याच अभ्यासिकेत दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन थेट वहीवर येते आणि मुले सावली शोधत बाक सरकवतात. माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, या साऱ्याला पूर्वी एकच बटण होते. ते बंद केले की खिडकीकडच्यांचे भागे, भिंतीकडची रांग अंधारात जाई.

‘दिवा मालव, बिल येते’ हे वाक्य आमच्या पिढीने पुष्कळ ऐकले. रॉकेलच्या चिमणीवर शिकलेल्यांची ती काटकसर मला कळते; पण तिचा भार वाचत बसलेल्या मुलानेच का वाहावा, हे कधी पटले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांकडे विजेच्या धोरणाचाही विषय होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह. इतिहास शिकवताना हा तपशील मी सहसा सोडत नाही.

वायरिंग नव्याने करताना आम्ही दिव्यांच्या ओळी खिडक्यांना समांतर घेतल्या व प्रत्येक ओळीला स्वतंत्र बटण दिले. लख्ख दिवशी खिडकीकडची ओळ बंद, भिंतीकडची चालू. पावसात दोन्ही चालू. चोकसह ५० वॅटच्या आसपास वीज घेणाऱ्या जुन्या ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी आली, ती बचत वेगळीच.

स्वच्छतागृहात चाहूल घेणारा सेन्सर बसवला. असा सेन्सर हालचाल ओळखतो. स्वस्थ बसलेले मूल त्याला दिसत नाही. बसवणाऱ्याने मुदत १ मिनिटाची ठेवली होती. वस्तीवरून नुकतेच आलेले, आईपासून पहिल्यांदाच दूर झोपणारे पाचवीतले पोर आत असताना दिवा गेला आणि ते रडत बाहेर आले. त्यानंतर रात्री उठायचे टाळून ते पहाटेपर्यंत जागेच पडून राही. मुदत १० मिनिटांची करून घेतली, शिवाय बोळात ५ वॅटचा एक दिवा रात्रभर ठेवला.

हा दिवा कशाला, असे बैठकीत विचारले गेले. १० तासांचे ५० वॅट-तास, म्हणजे २० रात्रींना १ युनिट, एवढा हिशेब मी मांडला. दिवा चालू आहे.