विहिरीच्या काठावरून

मार्चचा दुसरा आठवडा. विहीर मोजायची ती आत्ता. दिवाळीतलं पाणी बघून कांद्याचं क्षेत्र ठरवलं, की ऐन पोसायच्या वेळी मोटार हवा ओढायला लागते.

काल संध्याकाळी मोटार बंद करून दोरीला दगड बांधला, पातळी घेतली. पहाटे पुन्हा. रात्रीत 5 फूट चढली. विहीर 20 फूट व्यासाची, म्हणजे फुटाला साधारण 8,900 लिटर. 5 फुटांचे 44,500. एकरभर कांद्याला 5 सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं तर 2 लाख लिटर लागतात. अशा साडेचार रात्रींची आवक एका पाळीत गेली. विहीर किती परस खोल, हे सगळे विचारतात. उपसल्यावर किती वेळात भरते, हे कुणीच विचारत नाही.

आपला बहुतेक मुलूख बेसॉल्टचा. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, मांजऱ्या खडकात. अखंड काळ्या पाषाणात थेंब नाही. म्हणून बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे नुसता फुफाटा, असं होतं. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून कर्ज काढून बोअर पाडू नका, हे मी भेटेल त्याला कळवळून सांगतो.

हिवरे बाजारात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही. मला त्या गावाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

पाणी आहे, पण कसलं? अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही ते पिकाला देववत नाही. पाणी तपासणीच्या अहवालात नुसता सामू बघून थांबू नये. क्षारता बघावी, सोडियमचं प्रमाण बघावं. उरलेलं सोडियम कार्बोनेट लिटरला 1.25 मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असलं तर धोका नाही, 2.5 च्या वर गेलं तर काळी जमीन हळूहळू चोपण होते. मग पाणी वरच साचतं, मुळाशी जात नाही.

आज मोटार पंधरा मिनिटं चालू ठेवून मग नमुना घेतला. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली. वर तारीख, गट नंबर, पातळी लिहिली. उद्या पहिल्या एसटीनं तालुक्याला.