स्प्लेंडर आणि फॉर्म ३१

गेल्या शनिवारी घाटंजीला गेलो होतो. अंगणात ताडपत्रीखाली बाबांची स्प्लेंडर उभी. एमएच २९, मॉडेल २००९चं, म्हणजे हीरो आणि होंडा एकत्र नांदत होते तेव्हाचं. गावातला एकजण बारा हजार द्यायला तयार आहे. आणि मी म्हणतोय, हिच्यावर काठमांडूला जायचं. हसा!

खरं तर सुरुवात लंडनपासून झाली होती. ऑफिसात बिल्ड चालू असताना नकाशे बघत बसायची वाईट सवय, दुसरं काय. पण अटारीची सीमा २०२५ मध्ये बंद झाली, म्यानमारमध्ये २०२१ पासून यादवी. इराणमधून जायचं तर गाडीचं कार्नेट लागतं. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्टच. ती तिकडे विकणार नाही, परत आणीन, याची हमी. हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर ठरते, तेव्हा बारा हजारांच्या गाडीचा एवढा एक फायदा! १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जग फिरायला निघाले होते, त्यातले तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. आपल्याला मात्र रजा मिळते बारा दिवस. असो.

तर नेपाळ. व्हिसा नको, कार्नेट नको. सोनौलीला भन्सार भरायचा, म्हणजे जितके दिवस गाडी तिकडे, तितक्या दिवसांचं शुल्क. रस्ता नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. काठमांडूपर्यंत साधारण दीड हजार किलोमीटर. ९७ सीसीचं इंजिन, ताशी पन्नासच्या वर न्यायचं नाही असं ठरवलं तर जायला पाच-सहा दिवस. घाटात दम लागेल, लागू दे.

मेकॅनिकने किक मारली. तिसऱ्या किकला चालू! "इंजिन बढिया हाय भाऊ. चेन-स्पॉकेट अन् क्लचप्लेटा बदलाच लागतीन. अन् केबल एक जास्तीची ठेवजा संग."

अडलं ते कागदावर. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये, बाबांनी स्वतः यवतमाळला नेऊन गाडी पास करून आणली होती. आरसी पाच वर्षांसाठी वाढली. गेल्या वर्षी बाबा गेले. आरसीवर नाव त्यांचंच. सीमेवर दाखवायला कागद आपल्या नावाचे हवेत, नाहीतर मालकाचं पत्र. मालकाचं पत्र आता कुठून आणू?

मालक वारला तर फॉर्म ३१ भरतात. खरं तर तीन महिन्यांत भरायचा असतो, तो आम्ही कोणीच भरला नाही. त्यावर आईची संमती लागेल. मी प्रिंट काढूनच नेला होता. आईने चष्मा लावून सगळा वाचला.

"मंग याच्यावर तुयं नाव येईन?"

"हो."

"अन् त्याईचं?"

मी म्हटलं, जुनी आरसी आपल्याकडे राहील, झेरॉक्स काढून ठेवू. उत्तर किती मूर्खासारखं होतं ते बोलल्यावर कळलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली. चहा देताना एवढंच विचारलं, "नेपाळात थंडी असते न रे?"

फॉर्म सही न होता बॅगेतून परत आलाय. दिवाळीला पुन्हा जाईन. चेन-स्प्रॉकेट मात्र बदलून ठेवायला सांगून आलो.